नातवंडांच्या भेटीचा हक्क कोणाचा?

नवराबायकोचें पटेनासें होऊन तीं विभक्त झालीं म्हणजे मूल कोणापाशीं राहील, हा प्रश्न पंचांपुढें व न्यायाधीशांपुढें येतोच. परंतु त्या मुलाच्या आजा-आजींचें काय, हें पुष्कळदां कोणी विचारीत नाहीं. जिनें त्यास तेल लावून न्हाऊं घातलें, ताप आला असतां रात्रभर मांडीवर घेतलें, त्या आजीनें सूनबाई मूल घेऊन माहेरीं गेल्यावर त्यास पाहूंच नये काय? वाचकहो, अशी आजी शोधावयास आपणांस फार दूर जावें लागणार नाहीं.

ख्रिस्ती जोडप्यांस लागू असलेला १८६९ चा घटस्फोटाचा कायदा मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण ह्यांविषयीं हुकूम करण्याचा अधिकार न्यायालयास देतो. आजा-आजींचें नांव त्यांत नाहीं. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचें १७ वें कलम मुलाचें हित पाहण्यास सांगतें, आणि मूल समजूतदार वयाचें असल्यास त्याची इच्छाहि विचारांत घेऊं देतें. २०१५ सालीं विधि आयोगानें आपल्या २५७ व्या अहवालांत आजा-आजींच्या सहवासाचाहि विचार केला. पण शिफारस ती शिफारसच.

ह्या बाबतींत अमेरिकेंतील वॉशिंग्टन संस्थानांतला एक खटला मनन करण्याजोगा आहे. दोन मुलींचीं आईबाप १९९१ सालीं विभक्त झालीं. बाप आपल्या आईवडिलांच्या घरीं राही व मुलींस भेटीच्या दिवशीं तेथेंच आणी. १९९३ सालीं तो वारला. कांहीं महिन्यांनीं मुलींच्या आईनें कळविलें कीं, आजा-आजींनीं महिन्यांतून एकदांच थोडा वेळ भेटावें. त्यांस अधिक हवें होतें. तीं न्यायालयांत गेलीं. खालच्या न्यायालयानें महिन्यास एक शनिवार-रविवार, उन्हाळ्यांत एक आठवडा, आणि दोघांच्या वाढदिवशीं चार चार तास असें ठरवून दिलें. शेवटीं २००० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें आईच्या बाजूनें निकाल दिला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर ह्यांच्या मताचा रोख असा कीं, आई लायक असतां मुलांच्या हिताविषयींच्या तिच्या निर्णयास न्यायाधीशानें विशेष वजन दिलें पाहिजे. शिवाय ह्या आईनें भेट अजिबात बंद केलीच नव्हती.

मुलगा गमावलेल्या त्या म्हाताऱ्यांची मला कींव येते, तरी निकाल मला योग्य वाटतो. "आम्हीं त्यास वाढविलें, म्हणून आमचा हक्क," हें बोलणें हिशेबाच्या वहीचें आहे. मूल म्हणजे वाटणीचें शेत नव्हे. आजी मुलास जवळ घेऊन त्याच्या आईविषयीं वाईट शब्द त्याच्या कानांत घालूं लागली, तर आईनें दार लावून घेतल्यास तिला दोष कोण देईल?

पण ह्याच न्यायाची दुसरी धार सुनेकडे वळते. भेट जर म्हाताऱ्यांचें वेतन नव्हे, तर ती मुलाची आहे. घर मोडलें ह्यांत त्याचा कांहीं अपराध नसतां त्याचें अर्धें गणगोत आधींच हातचें गेलें आहे. जी आई केवळ सासूवरील रागानें भेट तोडते, ती सासूचें थोडें व आपल्या लेंकराचें पुष्कळ हिरावून घेते. (सासऱ्यानें पोटगी चुकविण्यास मुलास शिकविलें असेल, तर ती गोष्ट वेगळी.)

२०२० सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें एका निकालांत म्हटलें कीं, ज्या आईस वा बापास ताबा मिळाला नाहीं, त्याच्याशीं मुलाचें दूरध्वनीवरून, चेहरा दिसेल अशा रीतीनेंहि, बोलणें होत राहिलें पाहिजे. तें आईबापांविषयीं होतें; परंतु आजीनें तोच मार्ग धरण्यास न्यायालयाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. प्रथम सुनेस विचारावें, आणि तिच्या सोयीची वेळ घ्यावी. समक्ष भेट ठरल्यास ती भांडण झालेल्या घरीं नको. दोन्हीकडच्यांचा विश्वास असलेल्या एखाद्या शेजाऱ्याच्या ओसरीवर व्हावी. आजीनें खाऊ न्यावा, शाळेची चौकशी करावी, आणि मूल आईकडे परत जाण्यास निघालें म्हणजे त्यास धरून रडूं नये.