पंधरा मुले आणि एक कान

पियानोच्या पहिल्या वर्गात पंधरा मुलांनी एकाच वेळी पट्ट्यांवर बोटे ठेवली आणि त्यांतील एकाचे बोट चुकले, तर ती चूक शिक्षकाच्या कानी जातेच असे नाही. शेजाऱ्याच्या सुरात ती त्या मुलालाही जाणवत नाही. मग ती चूक झाली असे म्हणावे काय? आणि झाली असेल, तर तिचा जाब कोणास विचारावा?

देवळातील भजनात असा प्रश्न उद्भवत नाही. झांजांच्या गजरात एखादा बेसूर गळा झाकला गेला तर ते योग्यच. भजनी मंडळी देवापुढे परीक्षेस बसलेली नसतात. बालपणी मीही भजन शिकताना चौघांच्या आड बसून वर्षभर नुसते ओठ हलवीत असे, आणि बुवा माझ्यावर प्रसन्न होते! त्या आडोशाने माझी भीड मोडली हे खरे; गळा मात्र होता तसाच राहिला. न्यायालयात साक्षीदार दहा असले तरी प्रत्येकाची जबानी निराळी घेतात. शिकणाऱ्याचाही तेवढा हक्क मानावयास नको काय?

योहान बर्नहार्ड लोगियर या डब्लिनवासी वादकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच पियानोचे सामुदायिक वर्ग चालविले. १८१४ साली त्याने हात व बोटे ठराविक जागी धरून ठेवणाऱ्या एका चौकटीचे पेटंट घेतले. ती चौकट मला रुचत नाही. सर्वांचे हात एका साच्यात बसविणे म्हणजे समता, हा भ्रम आम्हां कायदेवाल्यांतही पुष्कळ आहे. परंतु त्याची दुसरी युक्ती मला मोलाची वाटते. नवशिके पाच बोटांत बसणारी साधी चाल वाजवीत, आणि त्याच वेळी पुढे गेलेले विद्यार्थी त्याच चालीचा विस्तार करीत.

पुढे विजेचे पियानो आले. कानाला यंत्र लावून प्रत्येकजण आपलेच ऐकतो आणि शिक्षक कळ दाबून हव्या त्या मुलाचे वादन ऐकू शकतो. सोय मोठी खरी. परंतु मुलाच्या नकळत ऐकणे मला प्रशस्त वाटत नाही. ‘बाळ, आता तुझे ऐकतो’ एवढे तरी आधी सांगावे.

राहिला वेळेचा हिशेब. पाऊण तासात पंधरा मुले, म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटे. ज्याची बोटे जड आहेत त्याला पाच लागतात. ती अधिक दोन मिनिटे कोणाच्या वाट्यातून काढावयाची? माझ्या मते, जी मुलगी चाल एका दमात उचलते तिच्या वाट्यातून. मात्र तिला रिकामी बसवू नये. तिच्याकडे त्याच चालीचा विस्तार सोपवावा. तिचे वडील फीची पावती घेऊन दाराशी येतील आणि ‘सर्वांना फी सारखीच ना?’ असे विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. शिक्षकाने त्यांना आत बोलावून मागच्या बाकाजवळ बसवावे, आणि त्यांची मुलगी विस्तार वाजवीत असता साधी चाल कोण धरून ठेवतो आहे ते त्यांना ऐकू द्यावे.