बोलपटातील घर व त्यातील स्त्रीची जागा

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून मालाडपर्यंत, लाकडी चौकटी व फळ्या ठोकून बोलपटांकरिता व दूरचित्रवाणीच्या मालिकांकरिता जी घरे उभारितात, त्यांत कोणी राहत नाही. तथापि तीच घरे खेड्यापाड्यांतील खऱ्या घरांत रोज सायंकाळी शिरतात. चूल कोठे मांडावी, खुर्चीवर कोणी बसावे, उंबरठ्याशी कोणी उभे राहावे, हे तेथे कोणीतरी आधी ठरविलेले असते. आपल्या घरी जे रूढीने होते, ते तेथे बुद्धिपुरस्सर होते. म्हणून ‘समाज आहे तसाच आम्ही दाखवितो’ हे चित्रपटवाल्यांचे म्हणणे आम्हांस अर्धेच खरे वाटते. आरसा कोठे टांगावा, हे आरसा ठरवीत नाही.

मालाड येथे १९३४ साली हिमांशू राय व देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज ही संस्था काढिली. तिचा ‘अछूत कन्या’ हा बोलपट १९३६ साली निघाला. रेल्वेच्या फाटकवाल्याची अस्पृश्य मुलगी कस्तुरी व ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांची ती कथा. दोघांचे प्रेम असूनही विवाह अन्यत्र होतात. आणि शेवटी तिचा नवरा व प्रताप फाटकाशी झुंजत असता, त्यांना वाचविण्यासाठी गाडी थांबविण्यास धावलेली कस्तुरी गाडीखाली मरते. पुरुष दोघेही वाचतात. तिचे मात्र तेथे स्मारक होते!

त्या काळी असा विषय घेणे हे धैर्याचे काम होते, हे आम्ही कृतज्ञतेने म्हणतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी पाणवठ्यावरचा तो विटाळ सोसलेला आहे. परंतु जातीविषयी प्रश्न विचारणाऱ्या त्या बोलपटाने, मरावयाचे ते मुलीनेच का, हे विचारिले नाही. मेल्यावर पूज्य आणि जिवंतपणी फाटकाबाहेर, ही कसली प्रतिष्ठा?

काळच तसा होता, असे कोणी म्हणेल. तर पुढच्याच वर्षी, १९३७ साली, पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘कुंकू’ काढिला. त्यातील नीरा हिचे लग्न फसवून एका वृद्ध वकिलाशी लाविलेले आहे. ती त्याच्याच घरात राहते, पण त्यास पती मानीत नाही. काळ तोच, मात्र स्त्रीने कोठे उभे राहावे, हे येथे निराळे ठरले.

आजच्या मालिकांतील सून जरीची साडी नेसून दिवाणखान्यात सोसत असते. परवा अशीच एक मालिका पाहून, ती सर्वांस वाढून मागाहून एकटीच जेवते, याजबद्दल आम्ही मुलांपुढे बराच वेळ टीका करीत होतो. तोंडात घास होता. वळून पाहतो तो आमची पत्नी भाकरीची टोपली घेऊन दाराशी उभी. आम्ही ओशाळून तिला पंक्तीस बसण्यास सांगितले.

ती म्हणाली, “आधी तुमचं होऊ द्या.”