लाळ, रुमाल आणि आचार्योपासना

आजचं वाचन गीतेच्या तेराव्या अध्यायातलं. ज्ञानाची लक्षणं सांगताना भगवंत दोन शब्द अगदी शेजारी ठेवतात: आचार्योपासना आणि शौच. आधी गुरुसेवा, लगेच शुचिता. पहिल्या शब्दावर माउली ज्ञानेश्वरीत किती रमतात, ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. त्यांचा शिष्य म्हणतो, गुरूंचं पानाचं तबक मीच सांभाळीन, आणि त्यांनी थुंकलेलं घेणाराही मीच होईन.

पूर्वी मी इथून भराभर पुढे जायचो. आता थांबतो.

बाबांना पार्किन्सन्स आहे. गेल्या वर्षापासून तोंडातून लाळ गळते. आधी मला वाटायचं, लाळ जास्त तयार होत असणार. तसं नसतं. निरोगी माणसाच्या तोंडातही दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, आपण ती नकळत गिळत राहतो. या आजारात ते नकळत गिळणंच कमी होतं. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, त्यातही लाळ घशाकडे नीट जात नाही म्हणून बाहेर ओघळते, असं निरीक्षण आहे.

घरात साखरपुडा होता. पाहुणे येणार, फोटो निघणार. लाळ कमी करणारं औषध सुरू होतंच. ‘डोस वाढवता येईल का?’ असा आग्रह डॉक्टरांकडे मीच धरला. वाढवला. बाबांचा शर्ट दिवसभर कोरडा राहिला. मी खूश. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते हरिपाठाला बसले आणि मध्येच थांबले. जीभ टाळूला चिकटत होती. पाणी दिलं, तरी तेच. मी विचारलं, "बाबा, काय होतंय?" बऱ्याच वेळाने, तुटक तुटक म्हणाले, "लाळ गळली की तुम्हाला लाज वाटते. तोंड सुकलं की मला नाव घेता येत नाही."

मला उत्तर सुचलं नाही. तीन दिवस मी जिला सेवा म्हणत होतो, ती नक्की कोणाची होती?

लाळ गळण्याचा त्रास त्यांनाही होतो, हे खरं आहे. हनुवटीची कातडी सोलवटते, चारचौघांत संकोच वाटतो. म्हणून उपाय करायचा नाही, असं मुळीच नाही. पण ओला शर्ट सगळ्यांना दिसतो, कोरडं तोंड फक्त त्यांनाच कळतं. जे मला दिसतं तेच मी दुरुस्त करायला धावलो. शौच म्हणजे स्वच्छ दिसणं, असा सोयीचा अर्थ मी लावून घेतला होता.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी डोस कमी केला. अशा औषधांनी बद्धकोष्ठ होऊ शकतं, वयस्कर माणसांना गोंधळल्यासारखंही होऊ शकतं, हे तेव्हा नीट समजून घेतलं. पुढे गरज पडली तर लाळग्रंथींमध्ये बोटॉक्सचं इंजेक्शन हाही पर्याय आहे. आता ताठ बसवतो, मान पुढे झुकू देत नाही, मधूनमधून "बाबा, गिळा" अशी आठवण करतो. मऊ ब्रशने दोनदा दात घासतो, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेले तर न्यूमोनियाची भीती असते. ओठांना मलम लावतो. आणि मुख्य म्हणजे रोज विचारतो, "आज तोंड कसं आहे?"

तुमच्या घरी असं कोणी असेल, तर औषध आपल्या मनाने वाढवू नका, बंदही करू नका. डॉक्टरांकडे जाण्याआधी त्या माणसालाच विचारा, जास्त त्रास कशाचा होतो. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढं थांबा.

किळस गेली का? पूर्ण नाही. ओला रुमाल उचलताना अजूनही क्षणभर हात अडखळतो. माउलींचा शिष्य ते काम मागून घेतो, माझ्या वाट्याला ते न मागता आलं. पण काल हरिपाठ शेवटपर्यंत झाला. मांडीवरचा रुमाल भिजला होता. तो मी धुऊन वाळत घातला.

राम कृष्ण हरी.