ठिपका कुठे लावलास?

खाली बस. आधी ऐकून घे, मग बोल.

काल दुपारी मी तुझ्या वडिलांना बघायला बेसाला तुझ्या घरी आले होते. तू दुकानात होतास. मांडणीवरची एक ताटली दिसली, मागच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका. तसाच पेल्याला, तसाच वाटीला. ‘बाबांची भांडी वेगळी केलीत, मॅडम,’ तुझी बायको काळजीनं सांगत होती. आणि आतल्या खोलीत? ऊन येऊ नये म्हणून खिडकी गच्च बंद, पडदे ओढलेले आणि तुझी चार वर्षांची पोर आजोबांच्या कुशीत झोपलेली.

क्षय ताटलीतून पसरतो, असं मी तुला कोणत्या वर्गात शिकवलं होतं? तो खोकल्यातून हवेत जातो आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतो. भांड्यांना ठिपके लावलेस, खिडकी मात्र उघडली नाहीस.

त्याहून मोठी चूक पुढेच आहे. आशाताई दारात आल्या, घरातल्या सगळ्यांची तपासणी करू म्हणाल्या, आणि तू त्यांना ‘आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत’ म्हणून परत पाठवलंस. शेजारच्या फ्लॅटवाल्यांना कळेल म्हणून! ठणठणीत असणं ही तपासणी नव्हे. जंतू अंगात शिरतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसतो. खोकला नाही, ताप नाही. जगातल्या साधारण चारांतल्या एका माणसाच्या अंगात तो असा बसलेला आहे. अशा शंभरांतल्या पाच-दहा जणांना आयुष्यात कधीतरी आजार होतो, आणि धोका सर्वांत जास्त असतो तो पहिल्या दोन वर्षांत. तुझ्या घरात ती दोन वर्षं आत्ता सुरू झालीत.

‘बाबांचं औषध सुरू झालंय, आता कशाला?’ हेच म्हणणार होतास ना? गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. त्याआधी अडीच महिने ते खोकत होते आणि तू मेडिकलमधून सिरपच्या बाटल्या आणत होतास. जे पसरायचं ते त्या अडीच महिन्यांत पसरलंय. म्हाताऱ्याला आता कोपऱ्यात टाकून काही होणार नाही, माणसं तपासून होईल.

पोरीला बीसीजी दिलीय, हे मलाही ठाऊक आहे. ती लस लहान मुलांना मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांपासून बरीच वाचवते, पण पूर्ण कवच नाही. पाच वर्षांखालच्या मुलात संसर्गाचा आजार व्हायला वेळ लागत नाही, म्हणून आधी तिला ने. तिला आजार नाही याची खात्री झाली की कातडीच्या चाचणीसाठीही थांबत नाहीत, प्रतिबंधक औषध सुरू करतात. 2021 पासून तर घरातल्या मोठ्यांनाही ते देतात. काही ठिकाणी आठवड्यातून एकदा, अशा बारा मात्रांत काम होतं. पण आधी एक्स-रे, गरज पडली तर थुंकी. आजार लपलेला असताना हे अर्धं औषध पोटात गेलं, तर जंतू त्यालाच पुरून उरतो.

चाचणीला घाबरतोस? पुण्याच्या सीरमची सीवाय-टीबी आहे, बीसीजीमुळे तिची फसगत होत नाही. हातावर बारीक सुई टोचतात. दोन-तीन दिवसांनी जायचं. नुसती लाली मोजत नाहीत, बोटाला लागणारा कडकपणा मोजतात. पाच मिलिमीटर भरला तर संसर्ग आहे. दोन दिवस दुकान उशिरा उघडशील, इतकंच.

दुकानावरून आठवलं. तो पोरगा, जो वर्षभर तुझ्या वडिलांच्या शेजारी गल्ल्यावर बसतो, त्याला सांगितलंस? नाही सांगितलंस. त्याच्याही घरी लहान भाऊ आहे. तुझी अब्रू त्याच्या फुप्फुसापेक्षा मोठी झाली का रे?

आणि आईचे गुरुवार. स्वामींच्या मंदिरात जाऊ दे, पण उपास बंद. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास झाला. ज्या घरांत सगळ्यांना जास्तीचे तांदूळ आणि डाळ मिळाली, तिथे नवा क्षय सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. त्या माउलीचं मनगट बघितलंस का तू?

मान खाली घालू नकोस, मला त्याचा उपयोग नाही. फोन काढ. आशाताईंना लाव, माझ्यासमोर लाव. उद्या सकाळी या म्हणावं, आम्ही सगळे जण घरी आहोत आणि दुकानातला पोरगाही येतोय.