दुरुस्तीला किती दिवस?

महागाची वस्तू घेताना आपण मनाशी एक हिशेब करतो: पैसे एकदाच जातील, पण पुढे बघायला नको. फिल्मच्या उंची कॅमेऱ्यांनी हा हिशेब पहिल्यापासून खोटा ठरवला आहे. हासेलब्लाडचं नाव आज अव्वल म्हणून घेतलं जातं. पण १९४८ साली आलेल्या त्यांच्या १६००एफ या कॅमेऱ्याचं शटर फार नाजूक निघालं आणि कॅमेरे दुरुस्तीला परत येऊ लागले. शेवटी १९५७मध्ये ५००सी काढताना कंपनीने शटर लेन्सच्या आत नेलं, तेव्हा कुठे लोकांचा भरवसा बसला. याच घराण्यातले कॅमेरे पुढे चंद्रावर गेले. भरवसा किमतीबरोबर आला नव्हता, दुरुस्तीच्या टेबलावरून शिकूनच आला.

चंडीगडमध्ये हा विषय फार जवळचा वाटतो, कारण हे शहर जगाने आधी पाहिलं ते फिल्मवर. छायाचित्रकार ल्युसियाँ एर्वे १९५५मध्ये इथे आले आणि वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांच्या इमारतींचं खरबरीत काँक्रीट, त्यावर पडलेली सावलीची धार त्यांनी कृष्णधवल फिल्मवर टिपली. तसला जुना कॅमेरा आज कुणी बाळगत असेल, तर त्याने एक करून पाहावं. वेग एका सेकंदावर लावायचा, कळ दाबायची आणि कान द्यायचा. आतली बारीक दंतचक्रं एकसारखी घर्रर्र करत सेकंद पुरा करतात. वंगण सुकलं असेल तर आवाज मध्येच अडखळतो, कधी थांबतोच आणि शटर उघडं राहतं. रोल धुऊन आल्यावर मात्र आपण दोष उजेड मोजण्याला देतो.

असा कॅमेरा दाखवायचा कुठे? इथून बहुतेकांची वाट दिल्लीला, चांदणी चौकातल्या कुचा चौधरीकडे जाते. मुंबईकराला फोर्टातला बोरा बाजार. तिथले जुने कारागीर कॅमेरा हातात घेऊन नुसता लिव्हर ओढतात आणि दुखणं सांगतात. ‘कधी मिळेल?’ या प्रश्नाला उत्तर ठरलेलं: ‘पार्ट मिल गया तो कर देंगे.’ यात टाळाटाळ नसते. सुटे भाग बनत नाहीत. दुसरा मेलेला कॅमेरा सापडेल तेव्हा त्यातलं चाक काढून याला बसवायचं. असं काम घाईने होत नाही, होऊही नये.

माझी तक्रार कंपन्यांबद्दल आहे. एका मोठ्या नावाच्या सेवाकेंद्रात माझा कॅमेरा महिनोन् महिने पडून होता. विलंब सोसता येतो. पण काय बिघडलंय, भाग आहे की नाही, हे कुणीच सांगत नव्हतं. इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांची अवस्था तर आणखी वाईट. क्योसेरा कंपनीने २००५मध्ये काँटॅक्स कॅमेऱ्यांचं काम गुंडाळलं. त्या नावाच्या टी-२ला आज हौशी लोक भलती किंमत मोजतात, पण आतलं सर्किट गेलं की हाताशी दुसरं सर्किट नसतं. २०२२मध्ये लायकाने एम-६ हा फिल्म कॅमेरा नव्याने बाजारात आणला, याचा आनंद आहेच. विकणाऱ्याने त्याच्याबरोबर दुरुस्ती शिकलेली माणसंही तयार करायला हवीत.

दुरुस्तीची किंमत चंडीगडला चांगलीच कळलेली आहे. ल कॉर्ब्युझिए यांचे सहकारी वास्तुकार पिएर जानरे यांच्या सागवानी, वेताच्या खुर्च्या इथल्या कचेऱ्यांतून वर्षानुवर्षं वापरात होत्या. वेत तुटला, पाय डगमगला म्हणून सरकारी लिलावात त्या भंगाराच्या भावाने गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी नवा वेत विणला, लाकूड घासलं आणि त्याच खुर्च्या तिकडच्या लिलावांत लाखांनी विकल्या. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११मध्ये या वारशाची विक्री आणि निर्यात रोखण्याचा आदेश काढला, तोवर बऱ्याच गेल्या होत्या. भंगार आणि ठेवा यांच्यामध्ये एवढाच वेत होता.

केंद्र सरकारने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी संकेतस्थळही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं आधी घेतली. कॅमेऱ्यांचा नंबर लागेल तेव्हा लागो.

तोवर घरात आजोबांचा किंवा वडिलांचा कॅमेरा असेल, तर या पावसाळ्यानंतर तो कपाटातून काढा. लेन्सला बुरशी धरली आहे का बघा, सगळे वेग एकदा फिरवा. अडला तर जोर लावू नका. चांगल्या कारागिराकडे द्या, तो सांगेल तेवढे दिवस थांबा आणि मागेल तेवढे पैसे घासाघीस न करता द्या. त्याच्या हाताखाली कुणी शिकत असेल, तर त्याच्याही हाती दोन पैसे ठेवा.