भेट आणि मिंधेपणा

दिवाळीचें पोस्त, लग्नांतील आहेर आणि कचेरींत काम झाल्यावर पोंचविलेली मिठाई, हीं तिन्ही वरून सारखींच दिसतात, व तिहींस आपण भेटच म्हणतों. मग तिसरीविषयींच एवढे नियम कां असावे, असें पुष्कळांच्या मनांत येतें. मागितलें नव्हतें, आनंदानें दिलें, तर दोष तो कोणता?

आम्हांस वाटतें कीं, याचें उत्तर देणाऱ्याच्या मनांत शोधूं नये. त्याचें मन बहुधा स्वच्छच असतें. घेणाऱ्याच्या मनाला जें होतें त्यास मराठींत नेमका शब्द आहे, तो मिंधेपणा. खाल्ल्या मिठाला जागणें हा आपण सद्गुण मानतों, आणि अडचण येथेंच आहे. बँकेंतील कारकुनाच्या घरीं ज्या शेतकऱ्यानें भुईमुगाच्या शेंगांची टोपली पोंचविली, त्याचा कर्जाचा अर्ज पुढल्या वर्षीं पुन्हा येतो. कारकून लबाड नसेल. तरी कागद हातीं येतांच त्यास त्या शेंगांची चव आठवते. त्याच वेळीं रांगेंत एक विधवा उभी असते. तिच्या शेतांत यंदा शेंगा धरल्याच नाहींत. अन्याय होतो तो तिजवर, आणि झालेला तिला कळत नाहीं, किंबहुना कारकुनासही कळत नाहीं.

नामान बरा होऊन भेट देऊं लागला, तेव्हां काम आधींच झालें होतें, अट कांहीं नव्हती, देणारा श्रीमंत होता. तरी अलीशानें ती घेतली नाहीं. उपदेशांत बहुधा गेहजीच्या लोभाचेंच विवेचन होतें, आणि हा नकार मागें राहतो.

परंतु गरिबाची टोपली परत केली तर त्याचें मन दुखावतें, हेंही खरें. येथें नियमाचा मोठा आधार होतो. ‘तुझें नको’ असें म्हणणें हा अपमान. ‘आम्हांस घेण्याची मनाई आहे’ असें म्हणणें हा अपमान नव्हे. आणि नियम कांहीं माणुसकी सोडावयास सांगत नाहीं. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं १९६४ सालीं झालेल्या वर्तणूक नियमांपैकीं १३ वा नियम फुकट प्रवास व मुक्काम यांसही भेट समजतो. पण प्रसंगोपात्त जेवण किंवा वाटेंत गाडींतून नेणें यांस समजत नाहीं. लग्नकार्यांत आप्तांचा, तसाच ज्यांचें कचेरींत काम नाहीं अशा स्नेह्यांचा आहेर घेतां येतो. तो मोठ्या किंमतीचा असल्यास वरिष्ठांस कळवावा लागतो.

पोस्ताचें काय? रिवाज जुना आहे, रक्कम थोडी असते, आणि पोस्टमन उन्हातान्हांत हिंडतो. त्याविषयीं कठोर बोलणें आम्हांस जड जातें. तथापि पोस्त न देणाऱ्या घरचें पत्र उशिरां येऊं लागलें, कीं तें पोस्त राहिलें नाहीं.

घेणाऱ्यांविषयीं इतकें. खेड्यांतील आम्ही लोक बहुधा देणारेच असतों. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत २०१८ सालीं दुरुस्ती झाल्यापासून सरकारी नोकरास लाच देणाराही अपराधी ठरतो. मात्र बळजबरीनें द्यावी लागली व सात दिवसांच्या आंत पोलिसांस किंवा तपास खात्यास कळविलें, तर त्यास मोकळीक आहे. महाराष्ट्रांत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठींच आहे, व त्यावर बोलण्यास पैसे पडत नाहींत.