लवकर वाढणारी मुलगी

स्वीडनमधल्या उप्साला इथल्या बालरोगतज्ज्ञांनी 1991 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारतातून तिकडे दत्तक गेलेल्या 107 मुलींना पहिली पाळी कधी आली, हे त्यांनी तपासलं होतं. निम्म्या मुलींना साडेअकरा वर्षांच्या आसपास पाळी आलेली होती. सगळ्यांत लवकर आली ती सातव्या वर्षी. स्वीडिश मुलींना तेव्हा पाळी यायची ती तेराव्या वर्षाच्या सुमारास, आणि भारतातल्या खात्यापित्या घरच्या मुलींनाही बारा उलटल्यावरच. म्हणजे या मुली दोन्ही देशांतल्या मुलींच्या पुढे निघाल्या. उंची मात्र सरासरी 154 सेंटिमीटरवर थांबली.

चांगलं घर, पोटभर अन्न, हाताशी डॉक्टर, सगळं मिळूनही असं का व्हावं? यातल्या बऱ्याच मुली तिथे पोहोचल्या तेव्हा वयाच्या मानाने खुरटलेल्या होत्या. खायला मिळताच त्यांची वाढ झपाट्याने झाली. जी मुलगी जास्त खुरटलेली होती आणि नंतर जास्त वेगाने वाढली, तिला पाळी जास्त लवकर आली.

मुली लवकर वयात येतात त्याविषयी आपल्याकडे जे बोललं जातं, त्यात हा अभ्यास यायला हवा. कारण आपण बोलतो ते चिकनविषयी आणि दुधातल्या इंजेक्शनविषयी. जनावराला पान्हा फुटावा म्हणून देतात ते ऑक्सिटोसिन हे स्त्रीत्वाची लक्षणं आणणारं हार्मोन नाही, आणि पोटात गेलं तरी इतर प्रथिनांसारखं पचून जातं. जनावराला ते टोचणं वाईटच, पण तिसरीतल्या मुलीची छाती दुखू लागण्याचं कारण तिथे नाही. ते काही वेळा खूप आधी, आईच्या पोटात सुरू झालेलं असतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांत माता आणि बाळांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन होतं 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पण कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी त्या मानाने राखलेली होती. असं बाळ जन्मतःच टंचाईसाठी तयार झालेलं असतं. पुढे त्याला भरपूर खाणं आणि बसून राहणं मिळालं की वजन वेगाने चढतं. जन्मतः कमी वजन, मग वेगाने वाढलेली चरबी, मग आठ वर्षांच्या आत दिसणारे काखेतले किंवा जांघेतले केस आणि पुढे तारुण्यात इन्सुलिनला न जुमानणारं शरीर व पीसीओएस हा अंडाशयाचा विकार, ही साखळी बार्सिलोनाच्या संशोधकांनीही आपल्या रुग्ण मुलींमध्ये पाहिली आहे.

चरबी इथे नुसती साठून राहत नाही. तिच्यातून निघणारं लेप्टिन मेंदूला कळवतं की साठा पुरेसा आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस मग ठरावीक अंतराने संदेश सोडू लागतो, पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि अंडाशय इस्ट्रोजेन तयार करतात. हेच इस्ट्रोजेन आधी हाडं भराभर वाढवतं आणि नंतर त्यांची वाढणारी टोकं बंद करतं. म्हणून चौथीत वर्गात सगळ्यांत उंच असलेली मुलगी दहावीत कित्येकदा मागे पडते. हाताचा एक्स-रे काढून डॉक्टर हाडांचं वय पाहतात ते यासाठीच. करोनाच्या टाळेबंदीत मुली घरात अडकल्या, हालचाल थांबली, वजनं वाढली. त्या काळात इटलीत आणि पुण्यातही लवकर वयात येणाऱ्या मुलींची संख्या स्पष्टपणे वाढलेली डॉक्टरांनी नोंदवली.

आता पुढच्या आयुष्याविषयी. स्तनांच्या कर्करोगावरच्या 117 अभ्यासांची माहिती एकत्र करून 2012 साली असं दिसलं, की पाळी एक वर्ष लवकर आली की धोका साधारण पाच टक्क्यांनी वाढतो. हे पाच टक्के मूळ धोक्याचे; शंभरातल्या आणखी पाच जणींना कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. मधुमेहाचं गणित मात्र जास्त गंभीर आहे. युरोपातल्या आठ देशांमधल्या स्त्रियांमध्ये, तेराव्या वर्षी पाळी आलेल्यांच्या तुलनेत, आठ ते अकरा या वयात पाळी आलेल्यांना टाइप दोनचा मधुमेह होण्याचा धोका 70 टक्क्यांनी जास्त आढळला. नंतरचं वजन हिशेबात धरलं की हा आकडा बराच उतरतो, शून्यावर मात्र येत नाही. वजनामुळे येणारा हा भाग आपल्याला कमी करता येतो, आणि आईवडिलांना सांगायला हवं ते हे. पाळी कधी आली ते बदलता येत नाही. मुलगी रोज तासभर खेळते का, हे बदलता येतं.

नैराश्याविषयीही असंच म्हणावं लागेल: त्याचा काही भाग आपल्या हातात असतो. लवकर वयात आलेल्या मुलींमध्ये उदासी जास्त आढळते आणि ती काहींच्या बाबतीत विशीनंतरही टिकते. याचा सगळा दोष हार्मोन्सवर टाकणं मला पटत नाही. नऊ वर्षांच्या मुलीचं मन नऊ वर्षांचंच असतं. पण तिच्या शरीराकडे पाहून शेजारी, नातलग, रस्त्यावरचे पुरुष तिच्याशी वेगळं वागू लागतात. घरात तिचं खेळणं थांबतं. ओढणी येते, सूचना येतात, आणि झालंय काय ते कुणीच सांगत नाही.

मुलीचं शरीर पाहून तिला बाई ठरवणं महाराष्ट्राला नवीन नाही. 1891 साली संमतीवयाचं बिल आलं तेव्हा प्रश्न होता तो शरीरसंबंधासाठी वयाची मर्यादा दहाऐवजी बारा करण्याचा. त्याच्या थोडं आधी कलकत्त्यात फुलमणी ही अकरा वर्षांच्या आतबाहेरची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधाने मरण पावली होती. विरोधकांचं म्हणणं होतं की पहिल्या ऋतूनंतर लगेच गर्भाधान हा धर्म आहे, सरकारने त्यात पडू नये. टिळक विरोधात उभे राहिले, रा. गो. भांडारकरांनी शास्त्राचेच आधार काढून बिलाची बाजू घेतली. त्या वादात शरीराचं एक लक्षण दिसलं की मुलगी बाई झाली, असं धरून चालणारे लोक पुष्कळ होते. आज कायदा अठराचा आहे, तरी परभणी-बीडकडे पाळी आल्यावर मुलीची शाळा सुटते आणि लग्नाची बोलणी सुरू होतात. शहरातले आपण तिचं लग्न लावत नाही. आपण घाबरतो, पुढच्या आजारांची यादी डोक्यात घेऊन तिच्याकडे पाहतो. दोन्हीकडे ती मूल राहत नाही.

घाबरायचं कधी, हे नेमकं माहीत असावं. आठ वर्षं पूर्ण होण्याआधी छातीत गाठ लागली, किंवा दुसरी काहीच लक्षणं नसताना रक्त गेलं, तर मुलांच्या हार्मोन्सच्या तज्ज्ञाकडे जायलाच हवं. क्वचित मेंदूत किंवा अंडाशयात कारण असतं. गरज असेल तर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एक इंजेक्शन देऊन ही प्रक्रिया थांबवता येते, आणि ते बंद केल्यावर पाळी आपोआप सुरू होते. आठ ते दहाच्या दरम्यान छाती वाढू लागणं मात्र आता नेहमीचंच झालं आहे. कोपनहेगनमध्ये 1991 ते 2006 या काळात ते वय जवळपास एक वर्षाने खाली आलं; पाळीचं वय मात्र जेमतेम तीन-चार महिन्यांनीच उतरलं. म्हणजे पहिली खूण दिसली की पाळी दारात आली, असं नाही. मध्ये बहुधा दोन वर्षं तरी असतात.

ही दोन वर्षं वाया घालवू नका. दर सहा महिन्यांनी मुलीची उंची आणि वजन वहीत लिहा. पाळी म्हणजे काय ते तिला आईनं सांगावं, वडिलांनीही सांगावं. आणि तिला खेळायला पाठवणं बंद करू नका.